शिंकेनंतरची दोन मिनिटं

रोज सकाळी ऑफिसला निघताना मी दारात चप्पल घालते आणि शिंकते. पायाशी आमचा तांबू अंग झाडत उभा असतो, आणि मला कुत्र्यांची ॲलर्जी आहे. आतून सासूबाई म्हणतात, "शिंक आली ना? दोन मिनिटं बस, मग नीघ." बाहेर पडताना कुणी शिंकलं की जरा थांबायचं, ही त्यांची जुनी रीत. मी खुर्चीत बसते. तांबू हनुवटी माझ्या मांडीवर ठेवतो.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कुत्रा कुणाला तरी देऊन टाका. मी म्हटलं, "गोळी लिहून द्या." तेव्हापासून रोज गोळी घेते. तांबूला जवळ घ्यायचा सुती कुडता वेगळ्या खुंटीवर असतो आणि झोपायच्या खोलीत त्याला प्रवेश नाही. लोकांना हे वेड वाटतं. मला नाही वाटत. ज्यांच्यावर जीव असतो त्यांचा त्रास होतोच. माझा निदान शिंकून मोकळा तरी होतो.

आज सासूबाई गावाला गेल्यात. दारात मला शिंक आली. आतून कुणीच काही म्हणालं नाही, म्हणून मी पर्स उचलली. तांबू मात्र खुर्चीपाशी जाऊन बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी पर्स ठेवली आणि बसले. त्याची हनुवटी मांडीवर आली, तशी दुसरी शिंक आली.

म्हणजे आणखी दोन मिनिटं.