बोंबलाची अक्षरं

मला बोंबील कालवणात घालायचा, एवढंच ठाऊक. पण पवईजवळच्या एका प्रयोगशाळेत टायपिस्ट म्हणून लागले आणि त्याच बोंबलाचा डीएनए टाइप करत बसले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट ही. ए, टी, जी, सी, चारच अक्षरं, आणि पानंच्या पानं. शिकवणारं कोण होतं? चुकत चुकत शिकले. टाइप झालं की एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने मूळ कागदावर खुणा करायच्या. माझी जोडीदारीण मालवणची.

परदेशात तेव्हा एक भांडार निघालं होतं. कुणी उंदराची, कुणी बेडकाची अक्षरं तिथे पाठवायचं, आणि ज्याला हवी तो मागवून घ्यायचा. आमचे सरही तिथून सगळं मागवायचे. आपला बोंबील मात्र कपाटात, कुलपात.

घाटकोपरच्या कॉलेजातली एक मुलगी चौथ्यांदा आली होती. तिचं काम मांदेलीवर. बोंबलाशी ताडून पाहिल्याशिवाय ते पुढे सरकेना, आणि दिवाळीपर्यंत झालं नाही तर पीएचडीतून तिचं नाव काढून टाकणार होते. सर म्हणाले, "माझं छापून येऊ दे, मग बघू." ती आमच्या फळीच्या भिंतीपलीकडे बाकावर बसून राहिली. कपाटाची किल्ली माझ्याकडे. पण माझी नोकरी तीन-तीन महिन्यांची, घरी नवऱ्याची गिरणी बंद. कागद देऊ कसा?

पाणी द्यायला गेले तेव्हा एवढंच म्हटलं, "वही आहे ना गं? बस जरा. आमचं वाचन सुरू होतंय."

आत येऊन वाचायला लागले. एकेक अक्षर सुटं, खणखणीत.

"अगो, किती मोठ्यान वाचतंस?" जोडीदारीण म्हणाली. "मी काय बहिरी नाय हा." मग तिने फळीकडे बघितलं आणि मान खाली घालून खुणा करत राहिली.

दोन पानं झाली. तिसऱ्याला सर केबिनमधून बाहेर आले. उघड्या दारातून दिसलं, त्यांनी मुलीच्या वहीकडे पाहिलं. आमच्या खोलीत आले, म्हणाले, "बाई, दार लावून वाचत जा. आणि हळू." दार त्यांनीच लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसले.

त्या खोलीला खिडकी नव्हती. पंखाही कागद उडतात म्हणून बंद. अजून चार पानं होती. बाहेर बाक करकरला, ती सरकून फळीला टेकली असावी. मी वाचत राहिले, जोडीदारणीलासुद्धा वाकून ऐकावं लागेल इतकं हळू.