गच्चीवरून टेक-ऑफ

ही केस आठवली ना, की मी अजूनही बसल्या जागी ताठ होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मेळ्यातल्या चेंगराचेंगरीत लोकांना ओढून काढलं. पण तोंड उघडं ठेवून नुसता बघत राहिलो, असं एकदाच झालं. आणि तेही आमच्याच पोलीस थान्यात, भर दुपारी, लाकडी खुर्चीवर बसलेल्या एका मुलीकडे बघून!

उदारीकरणाची वर्षं होती. टावर चौकात रोज नवी दुकानं, नवे बोर्ड. प्रायव्हेट विमान कंपन्या निघालेल्या, त्यांच्या जाहिराती पेपरात यायच्या. मी तेव्हा उज्जैनला सब-इन्स्पेक्टर, नवा नवा, अंगात जोर भारी.

दसरा होऊन गेलेला. सकाळी रोजनामच्यात ड्यूट्या चढवत होतो, तेवढ्यात माधव नगरातले एक रिटायर्ड ओव्हरसियर आले. आमच्या टीआय साहेबांसमोर, म्हणजे थाना प्रभारींसमोर, बसले आणि आवाज एकदम खाली आणला.

"साब, पड़ोस की लड़की अमेरिका से आई है. रोज शाम को छत पे कुर्सी डाल के बैठती है. हाथ में करछी. आँखें बंद. और अंग्रेजी में किसी को अपनी पोजीशन बताती है."

"किसको?" टीआय साहेबांनी विचारलं.

"वही तो! सामने कोई नहीं होता. अल्फा, ब्रावो, झुलू... फिर चुप. जैसे उधर से कोई जवाब दे रहा हो. और सुनो, दिन में मोपेड लेके खेतों में घूमती है. बिजली के तार देखती है. खंबे देखती है!"

आता तुम्ही हसाल. पण पोलिसाच्या जागी बसून बघा. परदेशातून आलेली व्यक्ती, सांकेतिक भाषा, मोकळ्या जागांची टेहळणी. विनापरवाना वायरलेस सापडला तर सरळ केस. टीआय साहेब माझ्याकडे वळले. "भाऊ, मराठी परिवार है. तुम्हारी भाषा वाले हैं. तुम ही जाओ."

महिला कॉन्स्टेबल सोबत घेऊन गेलो. वडील बँकेत नोकरीला, आई शाळेत शिक्षिका. दार उघडलं आणि युनिफॉर्म बघून आईचा हात तसाच कडीवर राहिला. झडती घेतली. वायरलेस नाही, एरियल नाही, काही नाही. गच्चीवर वेताची खुर्ची आणि हो, करछी, म्हणजे लांब दांड्याची पळी. पण तिच्या खोलीत भिंतीवर उज्जैनचा हातानं काढलेला नकाशा, त्यावर शेतं रंगवलेली. काही हिरवी, काही लाल. माझी तर कानशिलं तापली. म्हटलं, लागला गळाला मासा!

मुलगी विशी-बाविशीची. घाबरलेली होती, पण जास्त चिडलेली.

"साहेब, मी पायलट आहे," ती म्हणाली.

आमची कॉन्स्टेबल फस्सकन हसली.

थान्यात आणलं. आई-वडील बाजूला बसले. मी प्रश्नांची नेहमीची फैर झाडली. नाव, वडिलांचं नाव, अमेरिकेत कोणाकडे राहिलीस, लग्न का नाही झालं, परत का आलीस. ती भराभर सांगत गेली. मामा तिकडे, त्यांच्याकडे राहून प्रायव्हेट पायलटचं लायसन काढलं. ही पहिली पायरी. एअरलाइनचं विमान उडवायचं तर पुढच्या पायऱ्या इकडे चढायच्या. पण तिकडचं लायसन इकडे तसंच चालत नाही, बदलून घ्यावं लागतं. नियमांची परीक्षा, मेडिकल, आणि रेडिओवर बोलण्याचं वेगळं लायसन.

"मग करछी कशाला?"

"तो विमानाचा कंट्रोलचा दांडा आहे, साहेब. आमच्याकडे सगळे शिकणारे असंच करतात. विमान रोज कुठे मिळतं? मग खुर्चीवर बसायचं आणि मनात उडवायचं. बोलणं पण तसंच. तिकडे हवेचा दाब पाऱ्याच्या इंचात सांगतात, इथे मिलिबारमध्ये. तिकडची सवय तोंडातून जायला नको का? पुढच्या आठवड्यात दिल्लीला रेडिओची परीक्षा आहे माझी."

वडील मध्येच बोलले. "साहेब, तिचं पोलीस व्हेरिफिकेशन तुमच्याच थान्यात आलंय. तुम्ही उलटं लिहिलंत तर तिला रेडिओचं लायसन मिळणार नाही. रेडिओ नाही तर विमान नाही. सगळं इथेच संपलं."

खरंच होतं ते. फाइल टीआय साहेबांच्या टेबलावर पडलेली होती. साहेब हळूच म्हणाले, "कागज तो बाहर के हैं, असली-नकली कौन बताएगा? संदिग्ध लिख दो. अपना क्या जाता है?"

आपलं काय जातं! 'संशयास्पद' असं लिहायचं, एका ओळीचं काम. पण मला राहवेना. मी मुलीला म्हटलं, "ठीक. उडव. इथेच."

"इथे?"

"हो. ही खुर्ची, हा माझा रूळ. चल, उज्जैनहून निघ."

आई म्हणाली, "अगं, जाऊ दे ना, काहीतरी चुकेल." मुलीनं ऐकलंच नाही. खुर्ची सरकवली, बसली, रूळ गुडघ्यांमध्ये धरला. डोळे मिटले. आणि अहो, त्या पोरीचा चेहराच बदलला! डावा हात पुढे गेला, हळूहळू ढकलत. पाय जमिनीवर आळीपाळीनं दाबायला लागले. ओठांतून भराभर इंग्रजी. मग रूळ जरासा मागे आला आणि तिचे खांदे सैल पडले. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला खुर्ची वर गेल्यासारखी वाटली. थान्याचा मुन्शी लिहायचा थांबला. कोठडीतला एक चोर गजांना नाक लावून उभा!

"मराठीत सांग," मी म्हटलं. माझाच आवाज बारीक झालेला.

"डावीकडे महाकालाचं शिखर. क्षिप्रा, दोन्ही काठचे घाट दिसतायत. आता उजवीकडे वळतेय. खाली फ्रीगंज, टावर. देवास रोड पकडला."

या गावावरून ती कधीच उडाली नव्हती, बरं का. इथे तिला विमान मिळालंच कुठे होतं? सगळं खालून पाहून वर बांधलेलं.

आणि मला पोलिसी युक्ती सुचली. मी टेबलावर धाडकन हात आपटून ओरडलो, "इंजिन बंद पडलं!"

आई किंचाळली. टीआय साहेबांचा चहा सांडला. आणि मुलगी? तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रूळ किंचित पुढे. डोळे उघडले, पण नजर गेली ती खिडकीबाहेर, समोरच्या देवळाच्या झेंड्याकडे. वारा कुठून आहे ते बघितलं तिनं!

"वारा उत्तरेचा. मोठं मैदान नको, मधून तारा गेल्यात. त्यामागचं शेत. सोयाबीन निघालंय, अजून नांगरलं नाही. सरी उत्तर-दक्षिण." एक हात हवेत कुठकुठली बटणं तपासत होता. इंधन, स्विच, परत इंधन. "इंजिन येत नाही. उतरतेय."

तिनं रूळ सावकाश पोटाकडे ओढला आणि श्वास सोडला. "उतरले."

खोटं बोलणारा माणूस मला चांगला ठाऊक होता. त्याला मध्येच दचकवलं की तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, तुम्हाला पटलं का म्हणून. ही पोरगी झेंड्याकडे बघत होती.

तरी पोलीस तो पोलीस. मी जीप काढली, टीआय साहेबांनाही बसवलं. देवास रोड. मैदान सापडलं. वरकरणी एकदम साफ, मी असतो तर तिथेच उतरलो असतो! मधोमध गेलो आणि वर बघितलं. तारा. बारीक, रस्त्यावरून दिसतही नव्हत्या. त्यामागे शेत, कापलेलं सोयाबीन, सरी नेमक्या तशाच. तिच्या नकाशावर हे मैदान लाल होतं, हे शेत हिरवं. इंजिन दगा देईल तेव्हा कुठे उतरायचं, ते शोधत ती मोपेडवर उन्हात फिरत होती. आणि आम्ही तिला हेर समजलो.

शेतमालक धावत आला. "क्या हुआ साब? कोई मर गया क्या?"

"नहीं," टीआय साहेब म्हणाले, "बच गई."

परत आल्यावर त्यांनी स्वतःच फाइल ओढली आणि लिहिलं, 'कोई आपत्ति नहीं,' म्हणजे हरकत नाही. खाली सही ठोकली, मग मुलीला म्हणाले, "बिटिया, डेढ़ कप चाय गिरी है तुम्हारे चक्कर में. पास होके आना."

पास झाली! लायसन बदलून मिळालं, आणि थंडी संपता संपता तिनं मला शेजारच्या शहरातल्या फ्लाइंग क्लबातून वर नेलं. बायको म्हणाली, "विमा काढलाय ना?" मी हसलो, पण विमानात बसल्यावर पट्टा दोनदा तपासून घेतला. चाकं सुटली आणि खालचं सगळं एकदम शांत झालं. थोड्या वेळानं उज्जैन आलं. क्षिप्रा वळणं घेत पडलेली, उन्हात लखलखणारी. मी त्या गावातल्या गल्ल्या रात्रंदिवस तुडवणारा माणूस. गाव एवढं देखणं आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग तिनं रेडिओवर हाक दिली, आणि विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमधून एका पुरुषाचा आवाज आला. त्यानं तिला ना बापाचं नाव विचारलं, ना लग्नाचं. कुठे आहात आणि किती उंचीवर, एवढंच विचारलं. ती बोलली, त्यानं ऐकलं, आणि आम्हाला पुढे जाऊ दिलं.

खाली उतरलो. आणि त्यानंतर माझी चौकशीची पद्धत बदलली ती रिटायर होईपर्यंत. समोर बसलेला म्हणाला मी सुतार, मी ड्रायव्हर, मी वैद्य, तर नाव-गाव नंतर. आधी म्हणायचो, "बसा. जरा करून दाखवा."