आधीच भरलेल्या चौकटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. माझ्याशिवाय हे एकाच बाईला माहीत आहे, आणि तिनंही कधी तोंड उघडलं नाही. आज तुम्हाला सांगते. बसा जरा.

आधी चांगलं सांगू? सांगतेच, कारण मी आनंदात आहे आणि ते लपवण्यात काय अर्थ? गेल्या मंगळवारी आमच्या वॉर्डात एका पोरीला रक्त लावलं. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "मॅडम, घशात खाजायलंय." मी तिच्या खाटेला लागून स्टूलावर बसलेली. पुढच्या क्षणी रक्त थांबवायची नळीवरची चाकी बंद! नवीन नळी जोडून सलाईन चालू, डॉक्टर हजर, इंजेक्शन दिलं, पिशवी आणि जुनी नळी रक्तपेढीत तपासायला परत. तासाभरात पोरगी बिस्कीट मागायला लागली. अहो, काय सांगू, माझं काळीज सुपाएवढं झालं! सव्वीस वर्षं नर्सिंग केलं, पण असा दिवस रोज येत नाही. उद्या सकाळी त्यासाठी शाल-श्रीफळ आहे.

आणि इथंच घोडं पेंड खातं. कारण ते स्टूल माझं नाही.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. बीड जिल्ह्यातलाच दवाखाना, नाव सांगत नाही. मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका गावची बाळंतीण होती, अंगातलं रक्त पार गेलेलं, चेहरा कागदासारखा. सोबत सासू — मोठ्या घरची, जमीनजुमल्याची, आवाजसुद्धा तसाच. बीडहून रक्ताची पिशवी आली. नाव जुळवलं, गट जुळवला, आम्ही दोघी सिस्टरनी सह्या केल्या. तिथवर मी चोख होते. दुपारी चारला रक्त लावलं.

आता नियम काय? पहिली पंधरा मिनिटं नर्सनं खाटेजवळून हलायचं नाही. रक्त बरोबर गटाचं असलं तरी एखाद्याच्या अंगाला ते सोसत नाही, आणि जे व्हायचं ते बहुधा सुरुवातीलाच दिसतं. म्हणून तक्त्यावर चौकटी असतात — पाचवं मिनिट, दहावं, पंधरावं. प्रत्येक वेळी नाडी, ताप, बीपी बघायचं आणि भरायचं. पण आमच्याकडं एक रीत पडली होती. रक्त लावलं की उभ्याउभ्या सगळ्या चौकटी एकाच पेनानं भरून टाकायच्या. ताप नॉर्मल, नाडी चौऱ्याऐंशी, तक्रार नाही. अजून न आलेल्या मिनिटांचा हिशेब! सगळ्याच करायच्या, असं मी म्हणू शकते. पण त्या दिवशीचा पेन माझ्या हातात होता ना?

चौकटी भरल्या आणि मी गेले. कुठं? एका सिस्टरची बदली झाली होती, तिनं भजी आणली होती. कांदाभजी. गरम होती. झालं, एवढंच कारण.

वॉर्डात कौसाबाई फरशी पुसत होत्या. पाटोद्याकडच्या, बौद्ध घरातल्या, वीस वर्षं वॉर्डात झाडलोट करणाऱ्या. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो. बाळंतीण कापायला लागली. सासूला वाटलं, पंख्याची थंडी — तिनं चादर घातली, वरून गोधडी घातली. मावशींनी मात्र पोछा टाकला आणि दारातून ओरडल्या, "अवो सिस्टर, पळा की! बाई लई कापायलीय, कंबर धरायलीय!" मला ऐकू आलं. खोटं का बोलू? ऐकू आलं, आणि मी म्हटलं, "आले, आले." आणि हातातलं भजं संपवलं.

मी पोचले तेव्हा चाकी बंद होती. मावशींनी केलेली. वीस वर्षं आमचे हात बघून शिकलेली बाई ती, कुठं फिरवायचं ते तिला ठाऊक होतं. मी पुढचं सगळं केलं — सलाईन, डॉक्टर, सगळं. बाई वाचली. जिंकलो आम्ही, आणि तो आनंद खरा होता. मग डॉक्टरांनी विचारलं, "कुणी बंद केलं?"

मी म्हणाले, "मी."

कुणी माझ्या तोंडात ते कोंबलं नव्हतं. आपसूक आलं.

तुम्हाला वाटेल, एवढंच? एवढंच असतं तर मी नऊ वर्षं हे पोटात ठेवलं असतं का? संध्याकाळी सासूनं आवाज चढवला — "आमच्या सुनेच्या रक्ताच्या नळीला त्या झाडूवालीनं कावून हात लावला? तिच्या हातानंच हे झालं." त्या 'तिच्या' शब्दावर किती जोर होता आणि तो कशासाठी होता, ते तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, तिनं हात लावला होता का?"

मी म्हणू शकले असते, "हो, लावला, म्हणून यांची सून जिवंत आहे." दहा शब्दसुद्धा नव्हते ते.

मी म्हणाले, "हात लावताना दिसल्या खऱ्या. मी धावत येऊन बंद केलं."

घरी जायच्या आधी तो तक्ता फाडला आणि नवीन लिहिला. त्यात दहाव्या मिनिटाला थंडी, कंबरदुखी, रक्त बंद, खाली माझी सही. अक्षर इतकं सुंदर आलं होतं माझं! मावशींना वॉर्डातून काढून कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं. निवृत्तीपर्यंत त्या तिथंच राहिल्या, सोड्याच्या पाण्यात. आणि मला मिळाली शाल. टाळ्या वाजल्या, मावशीसुद्धा मागं उभ्या होत्या, त्यांनीही वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर मला दारात गाठलं. मला वाटलं, आता ही बाई माझा पंचनामा करणार. त्या म्हणाल्या, "बाळंतीण गेली नव्हं घरी, चांगली चालत? मंग झालं."

शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला लागले की मी कुणाला ऐकत नाही, विचारा कुणालाही. पण या बोलण्याशी कशी भांडू?

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधून एक लोखंडी स्टूल ओढून आणलं. एक पाय आखूड, खाली पुठ्ठा घातला. तेव्हापासून माझ्या पाळीत रक्त लागलं की पंधरा मिनिटं मी तिथंच. चहा आला तरी नाही, साहेब आले तरी नाही. बदली झाली तेव्हा या दवाखान्यात आल्या आल्या पहिलं स्टूल मागितलं. नवीन पोरी आधी हसायच्या, "स्टूलवाली मॅडम" म्हणायच्या. आता त्या स्वतः बसतात. एकही चौकट आधी भरली जात नाही. या नऊ वर्षांत किती जणींचं कापणं, खाजणं, धाप आम्ही वेळेवर धरली! छाती फुगवून सांगते, आमचा वॉर्ड रक्ताच्या पिशवीवर नजर ठेवण्यात कुणाला हार जायचा नाही. पोरी विचारतात, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आणि मी — मी हसते आणि म्हणते, "अनुभवानं."

अनुभवाला नाव होतं की हो. गाव होतं, भेगा पडलेले हात होते.

उद्या शाल घ्यायला मी उठेन, पण घेणार नाही. हे सगळं मी कागदावर उतरवलंय, तोच वाचणार आहे, सगळ्यांसमोर, भज्यासकट. वाचून झाल्यावर जे व्हायचं ते होऊ दे. चौकशी लागली तर लागू दे. रडणार नाही. मावशींच्या दारात जाऊन पाया पडण्याचं नाटकही करणार नाही — त्यांच्याकडून आणखी एक "मंग झालं" घेऊन हलकं व्हायचा मला काय हक्क? फाडलेला तक्ता जुळवता येत नाही. तो पुन्हा लिहिता मात्र येतो, या वेळी खरा.

पाचवं मिनिट : कुणी बघितलं नाही.
दहावं मिनिट : रुग्णाला थंडी, कंबरदुखी. रक्त बंद केलं — कौसाबाईंनी.
सिस्टर कुठं होती : भजी खात होती. हाक ऐकली होती.
पंधरावं मिनिट : रुग्ण जिवंत.