दुसरी सही

मोठ्या सरांनी मार्कर मागितला आणि शबानाला भिंतीकडं तोंड करायला लावलं. पीपीई किटमध्ये कोण आहे ते ओळखू येत नसे, म्हणून आम्ही सगळे पाठीवर नाव लिहायचो. सरांनी तिचं नाव खोडलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हिला पंप देऊ नये.'

ड्यूटीचे अजून पाच तास बाकी होते. ते पाठीवर घेऊन ती आयसीयूत फिरत राहिली. सगळ्यांनी वाचलं. तेवढं तिलाच दिसत नव्हतं.

"काका, काय लिहिलंय?" तिनं मला विचारलं.

"नाव," मी म्हणालो.

मी तिथला ब्रदर. निवृत्त झालो होतो. करोनात माणसं कमी पडली म्हणून मोठ्या सरांच्या या खासगी दवाखान्यानं बोलावून घेतलं. माझे वडील निजामाच्या काळापासून सरकारी दवाखान्यात झाडू मारायचे. पोलीस ॲक्शन झाली, साहेब बदलले, हाक तीच राहिली. 'ए.' त्या हाकेतून सुटायला मी नर्सिंग शिकलो.

आता त्या दुपारचं. दोन सिस्टर स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरी. शबाना सकाळपासून आठ पेशंट एकटी बघत होती. सलग अकरावा दिवस. लघवीला जाता येत नाही म्हणून पाणी प्यायची नाही. आम्ही डायपर लावायचो. मीसुद्धा, या वयात. हातमोजे काढले की बोटं पांढरी, सुरकुतलेली, कुबट वासाची. सर एरवी काचेबाहेरून फोनवर विचारायचे, "बसलात का रे?"

तिच्या एका खाटेवर दौलताबादचे बांगडीवाले चाचा होते. जरा सावरले होते. मास्कमधून तिला म्हणायचे, "बेटी, दस्ताने के ऊपर से बताता मैं. सव्वादोन का हाथ है तेरा."

त्यांना सिरिंजमधलं औषध मोजून सोडणारे दोन पंप लावलेले. एकात रक्तदाबाचं औषध, ते वेगानं सोडायचं. दुसऱ्यात इन्सुलिन, अगदी हळू. सिरिंजा सारख्याच. छापील लेबलं संपलेली, म्हणून चिकटपट्टीवर लिहायचो. चष्म्यावर वाफ. तिच्या हातून पट्ट्यांची अदलाबदल झाली. अशा चुकीसाठीच नियम होता: दुसऱ्यानं वाचायचं, मग सही करायची.

"काका, जरा देख लेते क्या?"

मी शेजारच्या खाटेपाशी होतो. मान न वळवता म्हणालो, "बघितलं." आणि रजिस्टरवर सही ठोकली.

तासाभरात चाचांची साखर तळाला गेली. ते शुद्धीवर आलेच नाहीत, गेले. घरच्यांना सांगितलं, करोना.

ड्यूटी संपली. किट उतरवताना ते उलटं गुंडाळून टाकायचं असतं. शबानानं गुंडाळलं नाही. पाठ समोर धरली, वाचली. मग माझ्याकडं बघितलं.

"काका, तुम्हाला वाचता येतं ना?"

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बसवून चहा दिला. "ब्रदर, या वयात डाग कशाला लावून घेता? तुम्ही बघितलं तेव्हा बरोबर होतं, नंतर तिनं हात लावला. एवढं लिहा."

मी लिहिलं. चहा प्यालो. बिस्किटही खाल्लं.

तिला काढलं, अनुभवाच्या पत्रावर 'निष्काळजी' असा शेरा आला. मग कुठल्याच दवाखान्यानं तिला घेतलं नाही. ती घरी पिको-फॉल करते. मला शाल आणि 'योद्धा' लिहिलेलं प्रमाणपत्र. पुंडलिकनगरच्या माझ्या घरात ते दारासमोरच टांगलं होतं. येणारा वाचायचा. तरी मी ते काढलं नाही.

परवा सरांचा फोन आला. नवीन नर्सिंग कॉलेज काढलंय. उद्घाटनाला शाल घालून या, मुलींना निष्काळजीपणावर दोन शब्द सांगा. वर म्हणाले, "ए ब्रदर, ऐकतोस ना?"

वडिलांची हाक. तीच मी शबानाच्या पाठीवर लिहू दिली होती.

"नाय येणार," मी म्हणालो. "दुसरी सही माझी होती."

"कसली सही?"

त्यांना आठवतही नव्हतं.

रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो माझ्याकडं आहे. तेव्हा स्वतःला वाचवायला काढला होता. सोमवारी तो आणि आता लिहितोय तो हा कागद नर्सिंग कौन्सिलला देणार. त्याआधी दौलताबादला जाऊन चाचांच्या मुलासमोर सगळं मोठ्यानं वाचणार. शबाना आली तर तिच्यादेखत, नाही आली तरी. माफी मागणार नाही. ती मागून मलाच हलकं वाटेल. खटला होईल, होऊ दे. पहिली सही तिची, अकरा दिवस न बसलेल्या बाईची. दुसरी माझी. न वाचता केलेली.