मातीत बांधलेलं औषध

पाण्याचा पेला हाती दिला की ती आधी तो उजेडाकडे धरायची, मग वास घ्यायची आणि मगच ओठाला लावायची. तुमच्या घरी कोणी असं केलं तर तुम्हालाही राग येईल. मला पहिल्यांदा चांगलाच आला होता. मी म्हटलं, "काहून, आमचं पाणी खराब हाये का?" ती ओशाळून हसली. "नाही काकू. तणाचं औषध पाण्यात उतरलं तं नाकाले समजतच नाही, तेच तं भेव हाये."

रिठदकडच्या आमच्या गावातली ही मुलगी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि रोज स्कूटीनं घरी यायची. सारं गाव तिला मॅडम म्हणे, थोडं कौतुकानं, थोडं चिडवून. तिच्या भावाचं वावर आमच्या वस्तीच्या विहिरीच्या अगदी वर, मुरमाड उतारावर. ती विहीर आमच्या आज्या-आजोबांनी स्वतः खोदलेली, कारण दुसरीकडे त्यांना पाणी भरू देत नसत. वस्ती आजही तिचंच पाणी पिते. पेरणी झाली की भाऊ वावरात तणनाशक मारायचा, आणि आभाळ आलं की हिचा जीव खालीवर व्हायचा.

मग तिच्या डोक्यात मातीचं आलं.

"औषध चिकणमातीत बांधून ठेवायचं, काकू. मोकळं असलं का पहिल्याच पावसासंग खाली विहिरीत जाते. मातीतून थोडं थोडं सुटलं का वरच राहते, तणाच्या मुळाशी." समजावताना ती मूठ घट्ट आवळायची आणि एकेक बोट हळूच सोडायची.

एका उन्हाळ्यात ती माझा पितळी सोऱ्या मागायला आली, येताना माझ्यासाठी नवा घेऊन. "जुना देता तं परत मागू नका. त्यातून जहर काढणार हाये मी."

"मंग नवाच वापर ना."

"त्याची चकती लय बारीक हाये."

हातमोजे घालून, तोंड बांधून तिनं माती आणि औषधाच्या शेवा पाडल्या, त्यांचे बारीक तुकडे केले आणि आमच्या गच्चीवर सावलीत वाळत घातले. गच्चीला कुलूप, किल्ली तिच्याजवळ. तरी दर थोड्या वेळानं येऊन कुलूप ओढून पाहायची. साऱ्या गावाच्या गच्च्यांवर कुरडया पडल्या, आमच्याकडे मात्र तिनं एक कुरडई घालू दिली नाही.

पेरणीनंतर भावानं ते मातीचे दाणे वावरात फेकले. आता औषध हळू सुटणार म्हणजे त्याचा गुणही हळूच दिसणार. शेजाऱ्याच्या वावरात सोयाबीन लख्ख, आणि याच्या पिकाच्या तासांतून केन्याचं तण डोकावायला लागलं. बांधावरून जाणारे विचारत, मॅडमची माती झोपली काय?

"दादा, थोडं थांब," ती रोज म्हणायची.

"तुले थांबायले काय जाते? वावर माह्यं हाये," तो म्हणायचा.

एका सकाळी ती वावरात गेली तर बांधावर तणनाशकाची रिकामी बाटली पडलेली. भावानं तिच्या दाण्यांवरूनच नेहमीची फवारणी केली होती, आणि तीही हात सैल सोडून. दाण्यांतलं औषध होतंच, त्यावर हे. दुपारी पाऊस कोसळला. तो थांबायच्या आत ती विहिरीवर जाऊन उभी राहिली.

बाया पाणी भरायला गुंड-घागरी घेऊन आल्या. "आज पाणी भरू नका," ती म्हणाली. "वावरातलं औषध उतरलं असंन."

"कोनतं औषध? तुह्या मातीतलं?"

आपण असतो तर भावाचं नाव सांगून मोकळे झालो असतो. भाऊ तिथंच मान खाली घालून उभा होता. ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "आमच्याच वावरातलं."

मॅडमनं विहीर नासवली, हेच गावभर झालं. तिनं पाणी तपासायला पाठवलं आणि निकाल येईस्तोवर वस्तीसाठी येणाऱ्या टँकरपाशी रोज उभी राहून कोणाला कमी पडतंय का ते पाहत राहिली. मला तिची दया यायची आणि तिचा रागही यायचा, कारण माझी नात रोज त्याच विहिरीचं पाणी प्यायची. निकाल आला: औषधाचा अंश होता, अपाय होईल इतका नव्हता. विहीर उपसली, लोक पुन्हा पाणी भरू लागले. पण मातीनं किती अडवलं आणि बाटलीनं किती सोडलं, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. त्या दिवशी ती माझ्या ओसरीवर बसून रडली.

पुढे ती याच कामाच्या अभ्यासासाठी दूरच्या शहरात गेली. सोऱ्याही घेऊन गेली.

यंदा पेरणी आटोपल्यावर तिचा भाऊ माझ्या ओसरीवर आला. हातात नवी बाटली, झाकण अजून न उघडलेलं.

"काकू, तो सोऱ्या हाये का तुमच्यापाशी?"

"तो तं तिच्यासंगच गेला. आन असता तरी तुले ते जमलं असतं का?"

"नाही जमत," तो म्हणाला. "मी त्या दिवशी विहिरीवर बोलायले पायजे होतं."

 त्यानं तिला फोन लावला. तिनं उचलला नाही. "कामात असंन," तो म्हणाला, आणि बाटली पायाशी ठेवून खाली बसला. विहिरीकडचं आभाळ भरून येत होतं. तिचा फोन येईल म्हणून आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.