फक्त तुम्हालाच दिलेला पॉइंट

इमारतीचा वायरमन म्हणजे फेजमामा. टेस्टर खिशात मावायचा, जीभ तोंडात मावत नसे. जिन्याखालच्या खोलीत तो आणि मामी राहायचे, भिंतीपलीकडे जनरेटर. लाइट गेली की मामा वीज जनरेटरवर वळवणारा चेंजओव्हरचा दांडा ओढणार आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे एवढंच चालणार. घराघरात जनरेटरची वीज न्यायची नाही हा नियम, आणि तो मामाच सगळ्यांना ऐकवायचा. मामीने एका पंख्यासाठी उन्हाळाभर त्याचं डोकं खाल्लं. घरचीच माणसं नियम मोडायला लागली तर परक्यांना काय तोंड दाखवू, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

पण परक्यांपुढे मामाचं मन म्हणजे लोणी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उकाड्याने कण्हल्या, तसा त्याने लिफ्टकडे जाणाऱ्या वायरीतून हळूच एक पॉइंट काढून दिला. फक्त तुम्हालाच बरं का, या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका. मग मास्तरांना टीव्हीपुरता, शिंपीणबाईंना मशीनपुरता. कपभर चहात विरघळत मामाने अर्धी इमारत त्या वायरीच्या मानगुटीवर बसवली. प्रत्येकाला वाटे, मामाचे लाडके आपणच.

एकदा भर दुपारी लाइट गेली. मामाने दांडा ओढला. मामी वरच्या मजल्यावरच्यांची भाजीची पिशवी पोचवायला लिफ्टमध्ये चढली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध पोचली आणि भार वाढला की वीज तोडणारा ब्रेकर खटकन पडला. मामाने तो वर केला, पुन्हा पडला. पंप आणि दिवे बंद केले, तरी तेच. बोट दिलं की हात धरणारी मंडळी ती. आजींच्या सुनेने पंखा काढून इस्त्री लावली होती, मास्तरांनी फ्रिज जोडला होता, शिंपीणबाईंनी तर गीझर.

ब्रेकर टाळून वायर सरळ जोडावी, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण तापलेली वायर पेटली तर वर कोण अडकलंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि वरूनच आवाज आला, "अहो, झोपलात काय?"

इलाज नव्हता. मामा जिन्यात उभा राहिला आणि घसा ताणून ओरडला, "ज्यांना ज्यांना मी 'फक्त तुम्हालाच' म्हणून पॉइंट दिलाय, त्यांनी बटणं बंद करा."

दारं उघडली. आजींनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी शिंपीणबाईंकडे. "तुम्हालापण?" म्हणत सगळे आत पळाले. आता ब्रेकर टिकला आणि लिफ्ट खाली आली.

मामी शांतपणे बाहेर पडली. तिचं शांत असणं म्हणजे धोक्याची घंटा, हे मामाइतकं कुणाला कळत नव्हतं.

"जगाला पॉइंट आणि मला नियम," एवढंच ती म्हणाली.

मामाने त्याच दिवशी एकूण एक पॉइंट उपटले. तेव्हापासून चहा घरचाच. आता लाइट गेली की तो दांडा ओढतो, खोलीत येतो आणि पुठ्ठा घेऊन मामीला वारा घालत बसतो. हात जरा मंदावला की मामी डोळे न उघडताच म्हणते,

"हलवा जोरात. तुमचा काही ब्रेकर पडत नाही."