अर्जातली उद्गारचिन्हं

सकाळी ऑफिसात नव्या मुलीनं इंग्रजी ईमेल तपासायला पाठवला. प्रत्येक वाक्यापुढं उद्गारचिन्ह! ती चिन्हं खोडता खोडता मला बारामतीच्या कॉलेजातला तो वर्ग आठवला आणि डोकं तापलं.

मी पिंपळीहून यायची. त्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टरवरून पडल्याचा निरोप आला. तास इंग्रजीचा होता आणि सरांच्या सहीशिवाय बाहेर सोडत नसत. मी इंग्रजीत अर्ज लिहिला. वडील पडलेत! दवाखान्यात आहेत! मला जाऊ द्या!

सरांनी तो वर्गाला वाचून दाखवला आणि प्रत्येक चिन्हापाशी बारीक आवाजात किंकाळी फोडली. वर्ग हसून लोळला.

"अर्जात ओरडायचं नसतं. पूर्णविराम देऊन पुन्हा लिही."

"सर, आबा दवाखान्यात हायत."

"हायत नाही, आहेत. लिही."

मी लिहिला. दवाखान्यात पोचले तेव्हा आबांना ऑपरेशनला नेलं होतं. "आत नेईस्तोवर तुलाच इचारत हुते," आई म्हणाली. आबा वाचले, पण पाय गेला.

अर्जात उद्गारचिन्ह देत नाहीत, हे सरांचं बरोबर होतं. मीही आज तेच सांगते. तरी माझा राग गेलेला नाही.

मागं एकदा सर मंडईत भेटले. "तुझं इंग्रजी मीच सुधारलं," कौतुकानं म्हणाले.

"तुमच्यामुळं मला आबांकडं जायला उशीर झाला, सर."

"कोण आबा?" त्यांनी विचारलं.